डाव्या पंखाचं कापड

माझ्या धाकट्या दिरानं विमान बांधलं होतं. तो विमानदळात फिटर होता. नोकरी सुटल्यावर गावी आला तो नकाशांची गुंडाळी घेऊनच. एका माणसापुरतं विमान, फटफटीच्या इंजिनाचं. वर गेलं की इंजिन बंद करायचं आणि वाऱ्यावर तरंगत उतरायचं. बहात्तरनंतरचा दुसरा मोठा दुष्काळ होता. जनावरं चारा-छावणीत, गोठा रिकामा. तिथंच त्यानं लाकडी सांगाडा उभा केला. शिवणाचं मशीन माझ्याकडं होतं, म्हणून पंखांना कापड शिवायचं काम माझ्यावर आलं.

डाव्या पंखाला सात मीटर कमी पडलं. सोसायटीच्या दुकानातलं कंट्रोलचं मांजरपाट रेशनकार्डावर मिळायचं, आणि आमचा वाटा संपलेला. जादा कापड फक्त मयतीला देत.

मी दुकानात जाऊन सात मीटर कोरं मागितलं. सेल्समननं वर पाहिलं.

"कोण गेलं, काकू?"

कुणी नाही म्हटलं असतं तर हात हलवत परत यावं लागलं असतं.

"दीर," मी म्हणाले.

त्यानं कात्री बाजूला ठेवली आणि मयतीच्या रीतीनं हातानंच कापड टरकावलं. निघताना 'या' म्हणाला नाही.

दुकानात काय सांगितलं ते मी घरी बोलले नाही. त्या कापडावर मशीनची सुई दोनदा मोडली. खळ जास्त असेल. उरलेलं हातानं शिवलं. दुपारी वारा सुटला की उजवा पंख वाजायचा, डावा गप्प. ताण दोन्हींचा सारखाच होता, मी दाबून पाहिला.

उडायच्या दिवशी माणसांनी विमान कोरड्या तळ्यात ढकलत नेलं. मी गेले नाही. मला माझाच शब्द आठवत होता.

तेवढ्यात ईट गावाहून दोघी आत्यासासूबाई आल्या, डोक्यावर भाकरीची दुरडी. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयरे भाकरी आणतात. सोसायटीतली बातमी तिथवर पोचली होती. दोघींनी माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"आत्याबाई, भावजी जित्ते हायत."

"मग दुकानात काय सांगितलंस गं?"

मी उत्तर देणार तोच अंगणावरून सावली गेली. लांब, रुंद, आणि आवाज अजिबात नाही. थोरल्या आत्याबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचं रडणं मधेच तुटलं. मी आदळल्याचा आवाज येतो का म्हणून कान देऊन उभी राहिले. आला नाही.

तासाभरानं दीर चालत आला, अंगभर धूळ.

"वैनी, कोण गेलं?"

"तुमीच."

तो हसला, भूक लागली म्हणाला आणि भाकरीला हात घातला. थोरल्या आत्याबाईंनी दुरडी मागं ओढली.

"ही तुला न्हाय रं. तुझ्या नावाची हाय."

त्याचा हात तसाच राहिला.

संध्याकाळी विमान गोठ्यात परत आणल्यावर मी डाव्या पंखाचे टाके उसवले. त्यानं अडवलं नाही. कापड ओढ्याच्या वाळूत पुरलं. त्यानं पुन्हा कापड मागितलं नाही, मीही आणलं नाही. दीर अजून आहे, गुडघे दुखतात म्हणतो.

सांगाडा पुष्कळ वर्षं गोठ्यात होता. वारा सुटला की डावी बाजू वाजायची. तिथं कापड नव्हतं.