खोशाबाचा विलाप

मोसुलच्या वर, डोंगराला चिकटलेल्या आमच्या गावात शमूनी रडल्याशिवाय कुणाचंही मढं उठत नसे. ती घरच्या बोलीत विलाप रचायची. रीत अशी, की एका मढ्यापुढे एकच विलाप. आणि तिनं पदर तोंडापुढे ओढला, की तो मागे सारेपर्यंत मधे कुणी ब्र काढायचा नाही.

तिचा एकुलता एक खोशाबा तापानं गेला, तेव्हा मात्र मठातला साधू, रब्बान सबरिशो, आडवा आला. मोठा विद्वान, स्तोत्रं रचणारा.

“पुरे ते! शेरडं हाकायची भाषा ती. देवापुढे पोथीचीच भाषा चालते.”

पोराला पोथीतलं वाचून पुरलं. आईला त्यातलं अर्धंही कळलं नाही. मग ती तंदुरावर भाकरी थापताना एकटीच रडायची, “तंदूर पेटलाय, खोशाबा, भाकर कुणाला देऊ?” मठाची वाट तिथूनच जायची.

मोठ्या उपासात सबरिशोनं नवं स्तोत्र म्हटलं. क्रुसावरच्या लेकासाठी मरियम रडते, असं. भारदस्त शब्दांच्या गर्दीत तीच ओळ, घरच्याच बोलीत, फक्त खोशाबाचं नाव गाळलेलं. बायांनी डोळे पुसले. “काय लिहितो हो रब्बान!” शमूनीच्या अंगाची लाही लाही झाली. तेव्हापासून ती डूख धरून होती.

पुढे सबरिशोची आई गेली. तो शमूनीच्या दारात आला.

“मावशी, आई सांगून गेलीय, रडायला शमूनीच हवी. चल ना.”

“शेरडं हाकायला का, रब्बान?”

“झालं गेलं विसर. पाया पडतो तुझ्या.”

“येते की! न यायला काय झालं?”

ती आली, मढ्याजवळ बसली, पदर पुढे ओढला. “तंदूर पेटलाय, खोशाबा, भाकर कुणाला देऊ?” बाया चपापल्या. मग ओळ ओळखीची वाटली आणि सगळ्यांच्या नजरा सबरिशोकडे वळल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“माझ्या आईचं नाव घे,” तो पुटपुटला.

“गप रे!” एक म्हातारी खेकसली. “पदर पुढे आहे तिचा.”

शमूनीनं पोराचा ताप, त्याचे फाटके जोडे, त्याचं हसणं, सगळं आळवलं. मनसोक्त रडली. मग पदर मागे सारून उठली.

“आईला पोथीतलं ऐकवा आता.”

सबरिशोनं पोथी उघडली. बाया एकेक करून शमूनीच्या मागोमाग उठून गेल्या.