घरटी एक माणूस

पुतळीचा आवाज म्हणजे गावाचा भोंगा, असं गडबच्या खाडीकाठची माणसं म्हणत. नवरा काळुराम वारल्यापासून ती अंबा नदीकाठचा सुशीलशेठचा सुट्टीचा बंगला सांभाळत होती. झाडलोट करायची, पाहुणे आले की तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि कोणी बूट घालून ओटीवर चढलं, मग तो शेठचा साडू का असेना, त्याला खाली उतरवायची. नोकरी अशी, की बंगला जणू तिच्या बापाचा. बंगल्याच्या एका अंगाला खाडीचा बांध, दुसऱ्या अंगाला सगळ्या गावाची भातशेती.

त्या दुपारी ती रोह्याजवळ वरसेला लेकीकडे दोन दिवस राहून परतली आणि जागीच थिजली. बांध फुटला होता. उधाणाचं पाणी बागेतून सरळ भाताकडे निघालं होतं. खारं पाणी एकदा शेतात मुरलं की पुढची काही वर्षं दाण्याचं नाव नको.

"खांड गेली रं! धावा रं!"

भोंग्याने काम केलं. खांड गेली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की घरटी एक माणूस यायलाच हवा आणि माती हाताशी मिळेल तिथली उचलायची, मालकाला विचारत बसायचं नाही, ही इथली जुनी रीत. शेठच्या हिरवळीवर फावडी पडली. पुतळीनेच जागा दाखवली, "इथली काढा, चिकट हाय." पदर खोचून तीही रांगेत उभी राहिली.

"तुझा निकेश कुठं हाय गो?" म्हाताऱ्या जनूने विचारलं.

"कंपनीत. शिफ्ट हाय त्याची. माझ्या घरचा माणूस मी हाय ना!" पोराची नोकरी सांगताना तिची मान जरा ताठच झाली.

खांड निम्मी बुजली तेव्हा सुशीलशेठची गाडी आली. उखणलेली हिरवळ बघून तो धावतच पुढे आला.

"अहो मावशी, हे काय केलंत? बांध फुटला नव्हता. होडी आत यावी म्हणून मीच वाट काढून घेतली. एवढं पाणी येईल असं वाटलं नव्हतं. काल निकेशनेच तर जेसीबी आणून ती करून दिली. तुम्हाला बोलला नाही?"

डोक्यावरचं मातीचं घमेलं उतरवायचंही पुतळीला सुचेना. काळुरामने हयातभर उधाणात उभं राहून राखलेला बांध त्याच्याच पोराने कापला? आणि त्याच पोराच्या नावाने आपण मघाशी मान ताठ केली? तिच्याकडे कोणी बघेना. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

"दे गो ते घमेलं," जनू हळूच म्हणाला. "बस जराशी."

"नाय." तिने स्वतःच ते खांडीत रिकामं केलं, चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि पोराला फोन लावला.

"बोल आये," पलीकडून निकेश म्हणाला.

"खांड गेलीय," पुतळी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारच्यालाही जेमतेम ऐकू आला. "सगळी आली. आपल्या घरचा माणूस अजून आला नाय."