भरल्याशिवाय न सुटणारी जीप

जव्हारच्या डेपोबाहेर मंगळूची जीप उभी असते. मोखाड्याला जाते, पण किती वाजता, हे विचारणारा माणूस नवखा समजावा. भरली की जाते. घड्याळ बघून सुटायला ती काय एसटी आहे?

भरेपर्यंत मंगळू मोबाइलवर गेम खेळतो. गेममध्ये त्याची स्वतःची बस कंपनी आहे, ‘रंगू ट्रॅव्हल्स’, बायकोच्या नावाने. गाड्या घ्यायच्या, रस्ते ठरवायचे, ड्रायव्हर ठेवायचे. कोपऱ्यात वेगाचं बटण असतं. एकदा दाबलं की दुप्पट, पुन्हा दाबलं की तिप्पट. स्टँडवर निवांत वाट बघणारा हा गडी तिथे मात्र कायम तिप्पट वेगाने. सकाळ होते न होते तोच संध्याकाळ, आणि कंपनी दर वेळी बुडते. कारण प्रत्येक बसला या पठ्ठ्याने हुकूम देऊन ठेवलेला: भरल्याशिवाय हलायचं नाही. गाडी दुसऱ्या कुठल्या रीतीने सुटते, हे त्याच्या गावीच नव्हतं. दोष तो गेमला देई. “यातले पॅसेंजरच खोटे. टिकतच नाय.”

रंगू धवलेरी आहे. वारल्यांचं लग्न ती गाऊन लावते. ती पोचली नाही तर नवरानवरी तशीच बसून राहतात. परवा मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर लग्न होतं. रंगू कधीची पुढच्या सीटवर बसलेली. मागे तिच्यासोबत गाणारी सकू आणि वऱ्हाडाच्या बाया. तरी दोन जागा रिकाम्याच.

“मांडवात लोक खोळंबलेत. सोड ना गाडी,” रंगू म्हणाली.

“भरू दे,” मंगळू मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

तिने वाकून पाहिलं. गेममधल्या बसथांब्यावर माणसं येत होती आणि भुर्रकन नाहीशी होत होती.

“ही कठं पळतात?”

“रागावतात न् जातात. रोजचंच हाय.”

“मला तर काय दिसत नाय. हळू कर.”

मंगळूने कुरकुरत वेग साधा केला. तेव्हा कुठे नीट दिसलं. लाल लुगड्यातली एक एवढीशी बाई बसमध्ये चढली, बसली. बाहेर बघितलं. उठली, परत बसली. बस जागची हलेना. शेवटी ती खाली उतरली आणि रस्त्याने एकटीच चालू लागली, पार दिसेनाशी होईपर्यंत. तिप्पट वेगात मंगळूने तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्याला खरंच वाईट वाटलं.

“बिचारी,” तो म्हणाला.

“हां ना, बिचारी,” रंगू म्हणाली. दार उघडलं, गाठोडं उचललं आणि चालायला लागली. मागोमाग सकू आणि साऱ्या बाया, तोंडाला पदर लावून हसत.

मंगळूच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा रिकामी जीप सुरू केली. “मंगळू, पोलीस मागं लागले का रं?” स्टँडवरचे ओरडले. वळणावर त्याने बायांना गाठलं.

“बस ना.”

“भरली का?”

“तू बसलीस की भरली.”

“अन् आम्ही काय पेंढा हाव?” सकू म्हणाली आणि सगळ्यात आधी आत शिरली.

लग्न वेळेवर लागलं. एरवी मंगळू बायकोला मांडवाच्या तोंडाशी उतरवून परतीचे पॅसेंजर बघायला जाई. त्या दिवशी तो थांबला. धवलेरीचं गाणं लांबलचक. ते घाईने म्हणता येत नाही. गाता गाता रंगूने मध्येच एक कडवं जुळवलं, एका आळशी जीपवाल्याचं. मांडव हसून लोटपोट झाला. म्हाताऱ्या बाया मंगळूकडे बोट दाखवू लागल्या. तो लाजून लाल झाला.

“आज नवीन जोडलंस?” त्याने नंतर विचारलं.

“नवीन कुठलं?” रंगू म्हणाली. “दर लग्नात म्हणते. तू नसतोस.”