उरलेल्या कॅप्सुला मोसंबीले

मनोहरराव म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, प्रेमिलाताईचे यजमान. नरखेडकडे मोसंबीचा बगीचा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, अन् अक्कल? तिच्या नावानं पूज्य! पण गावात रुबाब असा, का डॉक्टरानंबी याईले विचारूनच सुई टोचावी. उंटावरचा शहाणा नुसता!

घरात कोणाले ताप आला का मेडिकलमधून ॲन्टिबायोटिकच्या कॅप्सुला आणायच्या. आजाऱ्याले एक-दोन द्यायच्या, ताप उतरला का बंद. उरलेल्या फोडून फवाऱ्याच्या पंपात! काहून, तं मोसंबीले खोडातून डिंक गळायचा डिंक्या रोग लागला म्हणून.

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, डॉक्टर तं पूर्ण खायले सांगतेत ना?"

तं म्हणे, "कामिनी, तुमी नागपूरचे मनीषनगरवाले लय भोळे. माणूस बरा झाला, आता झाडाले काहून उपाशी ठेवा?" अन् खो खो हसले. ओट्यावरचे सगळे हसले. ताईबी हसली. डिंक्या काही हटला नाही, झाडं वाळतच राहिली. पण हा बाबा काही शिकन तं शपथ!

ताईले लघवीची आग व्हायची, किती वर्षांपासून. दर वेळी दोन कॅप्सुला तिले, बाकी बगीच्याले. यंदा थंडी वाजून असा ताप भरला, का कोणतीच गोळी लागू पडेना. तवा कुठं तिले नागपूरले माझ्याकडे आणलं, अन् मी सरळ दवाखान्यात भरती केलं.

डॉक्टरीणबाई तपासून म्हणाली, "अर्धवट औषधं खाऊन खाऊन यांच्या अंगातले जंतू निर्ढावलेत. आता एकच इंजेक्शन चालेल असं दिसतं. पण त्याचा सगळ्या दिवसांचा कोर्स पूर्ण करावा लागेल. मध्येच सोडलंत तर हेही हातचं जाईल."

इंजेक्शन चाललं. ताप उतरला, ताईनं वरणभात मागतला, माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जाते तं पलंग रिकामा! भाऊजी सही करून तिले घरी घेऊन गेले होते.

फोन लावला, तं म्हणे, "बरी झाली न वं ते! चांगल्या माणसाले सुया कायले टोचा? अन् इकडे फवारणी खोळंबून राहिली."

मी जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही. मंग ताईनं फोन घेतला. "चिडू नको वं, कामिनी. मले खरंच बरं वाटून राहिलं."

दिवाळीच्या आत तिले परत आणलं, तवा ती मले ओळखत नव्हती. तेच इंजेक्शन दिलं. नाही चाललं. मंग आणखी काय काय देऊन पाहिलं. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आली अन् म्हणाली, "आता यांच्यासाठी औषध उरलेलं नाही."

भाऊजी ताडकन उठले. "नाव लिहून द्या, मॅडम. तुमच्याजवळ नसन तं सीताबर्डीवरून आणतो. नाही तं मुंबईवरून मागवतो."

"कुठंच नाही, काका. आहे ते सगळं देऊन झालं."

त्याईनं माझ्याकडे पाह्यलं. "असं कसं होईन वं? एवढी दुकानं हायेत. कोठं ना कोठं तं भेटनच ना?"

मले कीव यायले पाहिजे होती. नाही आली.

"मंग जा ना," मी म्हटलं. "शोधा."

अन् तो माणूस खरंच चपला घालून जिना उतरला. ताई गेली तवा तो कोण्या तरी मेडिकलच्या काउंटरवर उभा होता.