गाठ उपाशी मारायची म्हणून

माझा पुतण्या काटेवाडीभर सांगत फिरतो, की थोरल्या आईनं, म्हणजे मी, त्याच्या आईच्या पथ्याचं वाटोळं केलं. फिरू दे. त्याचं तोंड धरायला मी जाणार नाही, पण झालं ते लिहिते.

धाकट्या जावेच्या छातीत गाठ निघाली. बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी किमोचे डोस देऊन गाठ लहान करू, मग ऑपरेशन. दीर मागंच गेलेले, तेव्हा सगळं या एकुलत्या एक पोराच्या हातात. पोरगा इंजिनियर. आईसाठी जीव टाकतो, हे मी नाकारत नाही. पण जीव टाकणं वेगळं आणि अक्कल वेगळी.

पुण्याला स्कॅन करायला नेलं, तिथंच साडेसाती लागली. स्कॅनच्या आधी सुईतून साखरेसारखं काहीतरी सोडतात. गाठ ती साखर जास्त ओढून घेते आणि पडद्यावर उजळून दिसते. हे कुणीतरी त्याला समजावलं. मग काय, रात्रंदिवस फोनवर कुणा माणसाचे व्हिडिओ! इंदापूरला एका मंगल कार्यालयात कुणाचं व्याख्यान होतं, तिथंही जाऊन आला. आल्यावर मला उसाच्या बांधावर उभं करून शिकवायला लागला.

"थोरल्या आई, पेशी म्हंजी इंजिन. चांगली पेशी हवा घेऊन साखर पुरी जाळती, तुपावर बी चालती. कॅन्सरच्या पेशीचं इंजिन बिघडल्यालं. हवा असून बी ती साखर नुसती आंबवती. म्हणून तिला ढिगानं साखर लागती. साखर तोडली की गाठ उपाशी मेली!"

खोटं कशाला बोलू, ऐकायला मलाही पटलं. चहातली साखर बंद झाली तेव्हा मी काही बोलले नाही. साखर कारखान्याचे सभासद म्हणून घरी आलेली साखर त्यानं उचलून वाटून टाकली, तेही चालवून घेतलं. पण मग भाकरी बंद झाली. भात, दूध, केळं, वरण, सगळं बंद. का, तर भाकरी म्हणजेसुद्धा साखरच. सकाळी तुपात पोहणारी अंडी, दुपारी खोबरेल तेलात परतलेला पाला, वर वाटीभर तूप. किमोनं आधीच पोटात ढवळतंय, त्यात हे. वास आला की जाऊ मोरीकडं पळायची.

तिची जीभ मात्र शाबूत होती. मला म्हणाली, "अक्का, आता मला बांधावर सोडा. म्हशीसंगं गवत खाते. त्यात तर साखर न्हाय ना, इचारा त्याला."

बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पुढच्या डोसाला गेलो तर डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडं बघितलं आणि डोस पुढं ढकलला. "वजन असंच उतरत राहिलं तर मला किमो देता येणार नाही. आणि मध्ये खंड पडला तर गाठ थांबणार नाही."

तर आमचे इंजिनियर तिथंच त्यांना फोन दाखवायला लागले. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "गाठ साखर जास्त ओढते, हे खरं आहे. पण तोंडातली साखर बंद केली म्हणून रक्तातली संपत नाही. शरीर स्वतःचं मांस मोडून साखर तयार करतं. उपाशी गाठ राहत नाही, आई राहतेय. या आहारावर संशोधन चालू आहे, पण ते औषधांबरोबर, तज्ज्ञांच्या नजरेखाली. तुम्ही घरी हे करू नका. यांना वरण, भात, अंडी, दूध, जे खावंसं वाटेल ते द्या."

गाडीत बसल्या बसल्या हा म्हणतो, "ह्यांना औषधं खपवायचीत."

माझं डोकं सणकलं. "आरं, तुझ्या फोनमधल्या त्या माणसानं कवा तुझ्या आईची नाडी बघितली का? त्याला बी काय खपवायचं असंलच की!"

जाऊ मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली. कुणाचीच बाजू घेतली नाही तिनं. तेवढी ताकद कुठं होती?

आमच्या घरची एक रीत आहे. सगळ्यांना वाढून झालं की जावा-जावा एका ताटात जेवायच्या. चुली वेगळ्या झाल्यावरही खुरपणीच्या दिवसांत आम्ही दोघी तशाच जेवत आलो. आणि जेवत्या माणसाच्या ताटाला हात घालायचा नाही, हे आमच्यात पोराटोरांनाही ठाऊक. दुसऱ्या दिवशी पोरगा घरीच होता. मुद्दाम त्याच्यासमोरून ताट घेऊन गेले. मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली भाकरी. जावेच्या पुढ्यात बसले आणि पहिला घास मीच खाल्ला.

तो दारात आला. "हे काय चाललंय?"

"जेवतोय."

"तिच्या तोंडात इख घालतीयास तू!" म्हणत ताटाकडं वाकला.

"हात लाव बघू," मी म्हटलं. "जेवत्या बाईचं ताट ओढणारा ह्या घरात अजून निपजला न्हाय. तुला व्हायचं असंल तर हो."

त्याचा हात तिथंच राहिला. जावेनं त्याच्याकडं बघत बघत घास घेतला. हळू चावला, गिळला, आणि पोटात राहतो का याची वाट बघत बसली. राहिला. तेव्हा म्हणाली, "तुज्या तुपाची धार सोड जरा वरणावर. तेवढं चालंल."

तुपाची वाटी माझ्यापुढं आपटून गेला तो. तूप मीच वाढलं.

मग दररोज दुपारी तेच. मी ताट घेऊन जायचे, तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा बडबडायचा, मी त्याला तसंच उत्तर द्यायचे. आई दोन घास जास्त खातेय हे त्याला दिसत होतं. कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

पुढच्या तारखेला जाऊ काट्यावर उभी राहिली तेव्हा आम्ही दोघंही आकडा बघायला वाकलो. वजन उतरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी डोस लावायला सांगितलं.

बाहेर पॅसेजमध्ये पुतण्या म्हणतो, "तुपानं तगली ती."

"तुपानं तर तुपानं," मी म्हटलं. "आता हितं माज्याशी भांडू नगंस. आत जा, ती सुईला भेती."

गेला. काचेतून मला दिसत होतं, आईच्या उशाशी स्टूल ओढून बसला होता आणि नळीतून औषध थेंब थेंब उतरत होतं. फोन खिशातच होता.