न फाडलेलं कार्ड

बायकोला सांगितलं नाही. पोरांनाही नाही. आज तुम्हाला सांगतो, तेही मान वर ठेवून — खाली घातलेली मान दिसली की लोकांना लगेच दया येते, आणि ती मला नको.

आमच्या नांगरधऱ्या घरातला मी पहिला बी.ए. नागपूरहून परतलो तर आरमोरीकडच्या आमच्या गावात माझं नावच पुसलं गेलं. लहानथोर सगळे ‘बीए’ म्हणायचे. मला आवडायचं. का नाही आवडणार?

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. श्रावणात वैनगंगा फुगली, काठावरचं एक गाव बुडालं. वाचलेल्यांना आमच्या देवळाच्या सभामंडपात आणलं. डोंगा वल्हवणाऱ्यांत मी होतो — पण हे मी गावभर सांगून झालंय. न सांगितलेलं पुढे आहे.

शेवटच्या खेपेला डोंग्यात एकटी कौसल्या होती, पोटाशी तान्ही पोर. बाभळीत एक प्रेत अडकलेलं दिसलं. तिने ओळखलं. तिचा नवरा. मी डोंगा वळवेपर्यंत ते सुटून वाहून गेलं. ती रडली नाही. काठ जवळ आला तशी म्हणाली, “भाऊ, देवळात कोणाले सांगू नका जी.” मी हो म्हणालो. तिला ठाऊक होतं — सुतक असलेल्याला देऊळ बंद.

मग सप्ताह आला. पंचांना मंडप मोकळा हवा होता. पण पुरातून आलेल्यांना हाकला, असं उघड कसं म्हणायचं? त्यांनी धर्म काढला. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने निघावं. यादी लिहायला मी.

“नाई जी, आमचं कोणी नाई गेलं.” जो तो हेच. एका छपरासाठी माणसं आपली मेलेली माणसं नाकारत होती — आणि मी लिहून घेत होतो.

कौसल्याच्या कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. “माहा मालक पैलतीरी हाय जी. येऊन राह्यला.”

पाटील माझ्याकडे वळले. “काऊन बीए, डोंग्यात तर तुमीच होते ना? उद्या पोथीवर बसणारे तुमी. खरं सांगा.”

माझ्या खिशात एक कार्ड होतं. सकाळीच आलेलं. माझा सख्खा चुलता वारला होता — ज्याच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेलो. अशी बातमी वाचली की कार्ड फाडायचं, आंघोळ करायची, दहा दिवस देवाला शिवायचं नाही. मी फाडलं नाही. फाडताना कोणी पाहिलं असतं तर? पोथीवर बसणारा आमच्या घरातला पहिला मी. ती जागा गेली असती.

तर मी खरं बोललो. “तिचा नवरा गेला. मी पाहिलं.”

पंचांनी जबरदस्ती केली म्हणू? नाही. जीभ माझी होती.

पायरीवर बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या. पोरीला पदराखाली घेऊन ती पावसात कोंडवाड्याकडे निघाली, आणि माझ्यापाशी थांबली. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, “भाऊ, तुमच्या घरचे सारे खुशाल ना जी?”

“खुशाल,” मी म्हणालो.

बीए खोटं बोलत नाही, असं गाव अजून म्हणतं. म्हणू द्या. सुतक मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. तिच्यापुरतं मात्र मानलं. माफी? कोणाकडे मागू — देवाकडे? तो सगळा वेळ कोरड्यात बसला होता. आणि ती कुठे गेली, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पायरीवर काचा तशाच पडल्या होत्या. मी त्या पायाने बाजूला सारल्या, खिशातलं कार्ड चाचपलं, आणि पोथीवर जाऊन बसलो.