तोफ वाजली नाही तो दिवस

महायुद्धाच्या काळात येवदोकिया पोल्यार्नीच्या सोव्हिएत पाणबुडी तळावर स्वयंपाकीण होती. परतणारी पाणबुडी शत्रूच्या बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे तोफेचा एक बार काढायची. जितके बार, तितकी डुकराची पिल्लं येवदोकिया त्या खलाशांसाठी भट्टीत भाजायची. तिला लाडानं दूस्या म्हणणारा तिचा नवरा झाखार अशाच एका पाणबुडीवर होता.

त्रेचाळीसच्या मार्चमध्ये ठरलेला दिवस उलटून नऊ दिवस झाले, तरी त्याची पाणबुडी आली नाही. दहाव्या दिवशी दुपारी पाणबुडी खाडीच्या तोंडाशी दिसली. येवदोकिया कान देऊन उभी राहिली, पण एकही बार झाला नाही. तोफ डागायलाही कुणी उरलं नसेल, असं तिला वाटलं. पिठाच्या हातांनीच ती धक्क्यावर धावली.

पाणबुडीच्या पाठीवरच्या चेपलेल्या बुरुजातून एकेक माणूस बाहेर आला. झाखार सातवा होता.

"तोफ का नाही वाजवलीत रे मेल्या? जीव गेला असता माझा!"

"काही बुडवलंच नाही, दूस्या. आम्हीच बुडता बुडता वाचलो," तो ओशाळून म्हणाला. "पिल्लू नाही आज आमच्या नशिबी."

"चुलीत गेलं तुझं पिल्लू!"

तिनं त्याची बाही घट्ट धरली. अधिकारी रांगेत उभं राहायला ओरडत होता, तरी सोडली नाही.